दवाखान्यातली चतकोर भाकरी

आमच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीचं दार हिरव्या रंगाचं होतं. आत बाळ रडलं की बाहेर कडुनिंबाखाली बसलेली सगळी मंडळी उठून त्या दाराशी येत. आयाबाई बाळाला पुसून, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळून दारात येई आणि तिथंच थांबे. बाळाचं तोंड आपल्या खांद्याकडे, पाठ लोकांकडे. ती काही मागत नसे, नुसती हसत उभी राही. मग आजी पदराची गाठ सोडून नोट काढी, ती आयाच्या मुठीत जाई, आणि बाळ लोकांकडे वळे. याला खुशी म्हणायचं. मुलगा झाला तर खुशी मोठी, मुलगी झाली तर आया समजूतदारपणे थोडक्यात भागवी.

मी तिथं नर्स म्हणून रुजू झाले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. जालना जिल्हा नवा होता. परतूर तालुका परभणीतून निघून जालन्यात आला होता, पण लोक अजून ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ म्हणत आणि परभणीच्या गाडीत बसत. आमचं गाव परतूर आणि कुंभार पिंपळगाव यांच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि भांडणात ती मला हार जाणार नाहीत. माझा नवरा तिथल्याच शाळेत मास्तर होता, त्यामुळे एका घरात राहायला मिळावं म्हणून कुणाच्या पाया पडायची वेळ आमच्यावर आली नाही.

अजूनही रॉकेलच्या स्टोचा वास आला की मला तो दवाखाना आठवतो. सकाळी स्टोवर काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवायच्या. त्या भांड्यात एकमेकींवर आपटून किणकिणायच्या, आणि तोवर बाहेर लोक आपापल्या बाटल्या रांगेत ठेवून सावलीला बसायचे. औषधाचं लाल पाणी न्यायला बाटली घरून आणावी लागे. त्या रांगेत खोबरेल तेलाची बाटली असे, शाईची असे, दारूची चपटीही असे, आणि चपटी कुणाची यावर रोज नव्यानं हसणं व्हायचं. कंपाउंडर खिडकीतून ते लाल पाणी सगळ्यांना देई. ते फुकट. पण कुणी आवाज खाली आणून विचारलं की तो म्हणे, “हे सरकारी हाय. आतलं असरदार हाय, पर त्याला खर्चा येतो.” आतलं म्हणजे आतल्या कपाटातलं. तेही सरकारीच. गावाला हे माहीत होतं आणि तरी लोक आतलंच मागत, कारण फुकट मिळालेल्या औषधावर कुणाचाच विश्वास नव्हता. जे जे डॉक्टर येऊन गेले त्यांचे सुईमागं पैसे वेगळे असत. माझं म्हणाल तर मी खण-नारळ घेत असे. ती ओटी होती, आणि कुणी भरलेली ओटी नको म्हणणं मला कधी जमलं नसतं.

अशा त्या दवाखान्यात एक नवे डॉक्टर आले. जालन्याच्या मारवाडी जैन घरातले, वडिलांचं कापडाचं दुकान. पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेलं घर, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. अंगानं इतके बारीक की गळ्यातल्या नळीच्या वजनानं वाकतील असं वाटे. आल्या आल्या त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि आतल्या सगळ्या बाटल्या, गोळ्यांचे डबे खिडकीत आणून लोकांना दिसतील असे मांडले. सुईचे पैसे बंद केले. कंपाउंडरचं तोंड महिनाभर उतरलेलं होतं. पारावर लोक म्हणत, “मारवाड्याचा पोरगा अन् गल्ला बंद करून राह्यला. डोस्कं ठिकानावर हाय ना त्याचं?”

आयाला त्यांनी खुशी बंद करायला सांगितली, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. विधवा बाई, घरात खाणारी तोंडं पुष्कळ, आणि जिभेला हाड नाही.

“सायेब, म्या कुनाला मागते का? लोक देतात. तुमचा पगार महिन्याला येतो. माझा कवा येतो ते माझ्या नशिबाला बी म्हाईत न्हाई.”

हे खरं होतं. तिचा रोजंदारीचा पगार कुठल्या तरी टेबलावर कायम अडकलेला असे. डॉक्टरांनी त्यावर वाद घातला नाही. रजा काढून घरी गेले की ते कपड्याच्या पिशवीबरोबर तिचे कागद नेत, आणि जालन्याला खेपा घालून घालून त्यांनी तो पगार शेवटी मोकळा केला. टेबलावर काही न ठेवता केला, म्हणून इतका वेळ लागला. आयाचा पगार वेळेवर यायला लागला, तरी दारात थांबायची तिची सवय मात्र जाईना. बाळाची पाठ लोकांकडे आणि तोंडावर हसू, हे चालूच राहिलं. डॉक्टर चिडत. मला सांगायचं तर मजा वाटे.

पण एक दिवस असा आला की मजा राहिली नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. शेजारच्या वाडीवरून एक सासू आपल्या सुनेला बैलगाडीत घालून घेऊन आली. सुनेचं पहिलंच बाळंतपण. माहेरी आई नव्हती, म्हणून सासरीच व्हायचं होतं. बाळ पायाळू होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि सासूला धीर दिला, “होईल आजी. वेळ लागेल, पण मी इथंच आहे.” सासूनं पदराची गाठ सोडली, घामानं ओलसर झालेल्या नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्या हळूच तिच्याकडे सरकवल्या. “इथं पैसे लागत नाहीत. ठेवून द्या.”

सासूनं परत पुढं केल्या. त्यांनी परत मागं सारल्या. मी बघत होते. म्हातारीचं तोंड एकदम पांढरं पडलं. ती बाहेर गेली, लेकाशी काहीतरी बोलली, आणि मी गरम पाणी घेऊन येते तोवर मायलेक सुनेला दोन्हीकडून धरून गाडीकडे नेत होते.

“अवो, कुठं निघालात? तिला हलवू नका,” मी मागं धावले.

“परतूरला नेतो बाई. मोठ्या डाक्टरकडं,” लेक म्हणाला.

“कशाला? इथं काय कमी आहे?”

म्हातारी माझ्याशी नजर मिळवत नव्हती. “डाक्टरनं घेतलं न्हाई. जगनारी असती तर घेतलं असतं. त्यांला ठावं हाय, आता कायी उरलं न्हाई.”

मी आडवी गेले, डॉक्टर आडवे गेले, आयानं तर बैलाची वेसणच धरली. पण लेकानं हात जोडले आणि गाडी हाकली. त्या रस्त्याला तेव्हा खडीसुद्धा नव्हती. सून वाटेतच बाभळीखाली बाळंत झाली. ती वाचली. बाळ गेलं.

हे मला आठवडी बाजारात कळलं. कुंभार पिंपळगावला मिरच्या घ्यायला गेले होते, तिथं म्हातारी भेटली. माझा हात धरून म्हणाली, “बाई, आमाला काय म्हाईत? घेतलं असतं तर आमी थांबलो असतो. थोडंसं बी घेतलं असतं तरी.” मला तिचा राग आला होता, आणि तो तिथंच, मिरच्यांच्या ढिगापाशी, गळून गेला. चांगला डॉक्टर पैसे घेतो, नाइलाज झालेला डॉक्टर परत करतो, एवढंच त्या माणसांना आजवरच्या सगळ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं.

मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले होते. बराच वेळ टेबलावरची धूळ बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे सिस्टर, मी घ्यायला पाहिजे होते?”

पैसे घेतले असते तर ते बाळ जगलं असतं, हे मलाही दिसत होतं आणि त्यांनाही. पुढचे कितीतरी दिवस कुणी नोट पुढं केली की ते ती परत करायच्या आधी क्षणभर थांबायचे. त्या थांबण्यात काय चाललेलं असे ते मला कळे, आणि त्यांची फार दया येई. ती नोट परत गेली की रुग्णही परत जाईल, ही भीती आमच्या दवाखान्यात मुक्कामाला आली होती.

त्यातून वाट निघाली ती कुणी शोधून काढली नाही. उन्हाळ्यात हगवण-उलटीची साथ आली. खोल्या भरल्या, ओसरी भरली, तेव्हा आम्ही लोकांना कडुनिंबाखाली निजवलं आणि सलाइनच्या बाटल्या फांद्यांना सुतळीनं बांधल्या. डॉक्टर सकाळपासून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरत होते. पोटात काही नव्हतं. ते दिवस मावळल्यावर जेवत नसत. त्यांच्या घरचा तो नेमच होता, सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही नाही. ऊन कलायला लागलं तसं त्यांनी पश्चिमेकडे बघितलं, मग समोर बसलेल्या एका म्हातारीकडे. तिचा नवरा सलाइनवर होता आणि तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं.

“आजी, भाकर आहे का? सूर्य बुडायच्या आत खाल्लं पाहिजे मला. ठेचा नको, लसूण चालत नाही. नुसती भाकर द्या.”

म्हातारीनं घाबरतच गाठोडं सोडलं आणि अर्धी मोडून पुढं केली. त्यांनी त्यातली चतकोर घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या, एका हातानं सलाइनची नळी चिमटीत धरून खाल्ली. झाडाखालचे सगळे लोक बघत होते. त्यानंतर ती म्हातारी जी पाय पसरून निवांत बसली, ती नवरा उठून चालायला लागेपर्यंत. शेजारणीला सांगत होती, “आपल्या घरचं खाल्लंय त्यानं. आता त्याला आपल्याला सोडून देता येत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तिघीचौघींनी गाठोडी सोडली. डॉक्टरांना आधी हसू आलं. मग ते माझ्याकडे बघायला लागले, आणि मला वाटतं दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी तीच बैलगाडी आली. त्यांनी हात पुढं केला.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात नोट परत जायची आणि चतकोर घेतली जायची. डॉक्टरांचा नियम कडक होता. कोरडी ज्वारीची भाकरी, तीही चतकोरच, आणि ज्याला जमेल त्यानं. नसेल तर नाही. एकदा वेशीबाहेरच्या वस्तीतली एक बाई लेकराला घेऊन आली आणि आपलं गाठोडं पदराखाली लपवून बसली. डॉक्टरांनी लेकराला तपासता तपासता विचारलं, “माझी चतकोर कुठं आहे?” तिनं बिचकत काढून दिली. ओसरीवर बसलेल्या काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. डॉक्टर त्यांच्याकडेच तोंड करून, सावकाश चावून खात होते. त्या मंडळींनीही पुढं गाठोडी आणायची सोडली नाहीत, दुखणं कुणाला चुकलंय?

मोठ्या घरांनी आपली अक्कल चालवलीच. एका जमीनदाराच्या घरून गडी स्टीलचा डबा घेऊन आला. आत पुरणाची पोळी आणि वर तुपाची धार, आणि निरोप असा की मालकीणबाईंना रांगेत बसवू नका. डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला, परत लावलं आणि गड्याला म्हणाले, “वैनीसाहेबांना सांग, पोळी मला सोसत नाही. चतकोर भाकर घेऊन रांगेत या म्हणावं.” वैनीसाहेब आल्या नाहीत. पण डबा परत जाताना तुपाच्या वासानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि आया संध्याकाळपर्यंत डॉक्टरांवर रुसून होती.

भाकरी उरत त्या आया घरी नेई. डॉक्टरांच्या अंगावर थोडं मांस चढलं. त्यांची आई एकदा भेटायला आली तेव्हा मुलाकडे बघून मला म्हणाली, “बाई, तुम्ही याला काय घालता हो?” मी म्हटलं, “मी काही घालत नाही, तालुका घालतो.”

पुढच्या वर्षी ती सून पुन्हा आली. आली ती दिवेलागणीला.

दिवस बुडून गेला होता, वीज गेलेली होती, मी कंदिलाची काच पुसत होते. गाडीचा आवाज आला आणि म्हातारीला बघून मी काच तशीच ठेवून बाहेर धावले. सुनेला कळा कधीपासून सुरू आहेत म्हणून विचारलं, तर लेक म्हणाला, “दुपारपासून.” माझा पारा चढला. वाडी काही लांब नव्हती.

“मग आत्तापर्यंत काय करत होतात?”

“पीठ न्हवतं घरात,” म्हातारी म्हणाली. “दळून आनलं, मंग भाकर टाकली. रिकाम्या हातानं कसं यावं? तव्यावरून काढली अन् निघालो.”

तिच्या हातातलं फडकं खरंच गरम होतं. बाळ या वेळीही पायाळू होतं, आणि आता कुठं न्यायला वेळच नव्हता. डॉक्टर हात धुवत होते. म्हातारी आत घुसली आणि तिनं भाकरी त्यांच्यापुढं धरली. डॉक्टर थबकले.

मी हळूच म्हटलं, “आजी, साहेब दिवस बुडाल्यावर खात नाहीत. त्यांचा नेम आहे. उद्या सकाळी खातील.”

म्हातारीनं माझं सगळं ऐकलं. पण तिचं तोंड मागच्या वेळेसारखंच पांढरं पडत गेलं, आणि तिनं दारात उभ्या असलेल्या लेकाकडे बघितलं. गाडी अजून जुंपलेलीच होती. आतून सून कण्हत होती. मी डॉक्टरांच्या जवळ जाऊन पुटपुटले, “नुसती ओठांना लावा. खोटं खोटं.”

“तिला कळेल,” ते म्हणाले.

त्यांनी हात कोरडे केले, भाकरीची चतकोर मोडली आणि खाल्ली. कंदिलाच्या उजेडात, म्हातारीच्या डोळ्यांत बघत, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. लहानपणापासून पाळलेला नेम मोडताना माणसाचं तोंड कसं होतं ते मी तेव्हा पाहिलं. त्यांना घास गिळवत नव्हता. मग ते परत हात धुवायला गेले, आणि म्हातारी लेकाला म्हणाली, “बैल सोड.”

बाळ फार अवघड आलं. पाय आले, धड आलं, डोकं अडलं. डॉक्टर घामानं निथळत होते आणि सुनेशी इतकं हळू बोलत होते की ती ऐकण्यासाठी ओरडायची थांबली. बाळ बाहेर आलं ते निळं, गप्प. त्यांनी नळीनं त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळपायांना टिचक्या मारल्या. मी देवाचं नाव घेत होते की शिव्या देत होते ते आठवत नाही. मग ते रडलं. मुलगी होती.

आयानं तिला पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि हिरव्या दाराकडे निघाली. मी मागून बघत होते. म्हातारीचा हात सवयीनं पदराच्या गाठीकडे गेला. आया दारात थांबली नाही. सरळ पुढं जाऊन तिनं बाळ म्हातारीच्या हातांवर ठेवलं.

“आधी लेकरू धर माय. गाठ काय पळून चालली का?”

मी आत येऊन स्टोपाशी बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. डॉक्टर टॉवेलनं हात पुसत होते, त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला. प्रायश्चित्त. उकळून गार केलेलं पाणी, तेही ऊन असेपर्यंतच. आणि नेमकी त्या दिवशी गर्दी. पहिल्याच बाईनं भाकरी पुढं केली, तेव्हा ते नाही म्हणाले आणि तिचे डोळे मोठे झाले. मी काही सांगणार तोवर आया मध्ये आली. “सायबाला आज उपास हाय. आन इकडं, म्या खाते. म्या काय या दवाखान्याची न्हाई?” असं म्हणून तिनं चतकोर मोडून तोंडात घातली आणि त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला. बाई निवांत बसली. दिवसभर आयानं खाल्ली. संध्याकाळी पोट धरून म्हणाली, “सायेब, उपास जरा जपून धरत जा.” दारात बाळाची पाठ लोकांकडे करून ती परत कधी उभी राहिली नाही. लोक खुशी देतच होते, पण आता ती पाचवीला, घरी बोलावून, हळदीकुंकू लावून दिली जाई.

बदल्या व्हायच्याच असतात, तशी डॉक्टरांची बदली झाली. ती बातमी फुटली आणि गावातली, वाड्यांवरची माणसं दवाखान्यात जमली. पुढं तीच म्हातारी, कडेवर नात. तिचा लेक अभिमानानं म्हणाला, “सायेब, तुमी कायी फिकीर करू नका. घराघरातून वर्गणी काढलीय. वर कुनाला किती द्यायचं ते तुमी बोला, आमी बराबर पोचवतो. बदली रद्द.”

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि डोळे पुसले, आणि ते पुसणं लवकर संपेना. कुणाला काही कळत नव्हतं. एवढी माणसं गोळा झाली, एवढं जमवलं, आणि साहेब रडतात कशाला? शेवटी ते इतकंच म्हणाले, “ज्याचं त्याला परत द्या.” म्हातारी पुटपुटली, “बघ, ह्यांला सवयच हाय परत करायची.” त्यांनी तिची चतकोर मात्र घेतली, आणि गाडीत बसून खाल्ली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यात उभी होते. नंतर आत गेले तर दवाखाना नुसता भिंतींचा वाटला.

त्यांच्या मागून आलेल्या डॉक्टरांना भाकरीचा सोस नव्हता. काही दिवस आया खात राहिली. पुढं तीही घरी बसली, माझी बदली भोकरदनकडे झाली, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला बरीच वर्षं काढली, आणि निवृत्त झाले. तिकडे ही गोष्ट सांगितली की नव्या पोरी हसत. मीही हसे. डॉक्टरनं घेतलं नाही म्हणून उठून जाणारी माणसं! मी त्या म्हातारीची नक्कल फार छान करायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. औरंगाबादचा मोठा खाजगी दवाखाना, फरशी अशी की पाय घसरावा. सगळं चोख. खर्चाचा आकडा आधीच सांगितला, काउंटरवर पावती दिली, वर कुणी चहापाणी मागितलं नाही. तक्रारीला जागाच नव्हती. नवरा बरा झाला हेही आताच सांगून टाकते, आजही भाजीत मीठ कमी म्हणून कटकट करतो. पण त्या सकाळी त्याला आत न्यायच्या आधी मी पिशवीतलं फडकं सोडलं. पहाटे भाचीच्या घरी बसून भाकरी केली होती. का केली ते मला विचारू नका. शल्यविशारद आला. तरुण, हसतमुख, हात स्वच्छ. मी चतकोर मोडून पुढं केली.

“मावशी, थँक यू,” तो गोड आवाजात म्हणाला, “पण मी ड्युटीवर काही घेत नाही.” आणि नमस्कार करून आत गेला.

त्यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. सगळी हयात दवाखान्यात गेलेल्या बाईला एवढं कळतं. मी बाकावर बसले, चतकोर मुठीत तशीच होती. खाटेची चाकं अजून दारातच होती. उठावं, नवऱ्याचा हात धरावा आणि त्याला इथून बाहेर न्यावं, दुसऱ्या कुठं तरी न्यावं, असं मला वाटत राहिलं.